चिंधाचं पाचवं शील

माझ्या भावाचं नाव चिंधा. हसू नका. त्याच्या आधीची दोन भावंडं आईच्या मांडीवरच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा त्याला चिंधीत गुंडाळून उकिरड्यापाशी टेकवला, ‘हे पोर आमचं नाही’ असं मोठ्यानं म्हटलं आणि मग परत घरात आणला. असं केलं की पोर जगतं म्हणे. आमच्या घरात बुद्ध तेव्हा नुकतेच आले होते, जुन्या समजुती अजून बाहेर पडायच्या होत्या. पुढे चिंधा मोठा झाल्यावर आईला चिडवायचा, तुम्ही मला टाकून दिलं होतं आणि अक्कानंच उचलून आणलं. त्यातलं निम्मं खरं आहे. उकिरड्यावरून आणणारी मीच होते, कारण कोणातरी पोरीनं आणायचं असतं आणि घरात पोर मी एकटीच होते.

मी भागाबाई. भडगावात सगळे मला अक्का म्हणतात. नाकावर राग घेऊनच जन्मली, असंही म्हणतात. असू दे. नवरा लवकर गेला, मी माहेरी परत आले, आणि तेव्हापासून चिंधाच्या घराला लागून माझी खोली आहे. त्याची बायको शेवंता गेल्यापासून त्याचं खाणंपिणं, औषधपाणी आणि हट्ट, सगळं माझ्याच गळ्यात आहे. अशा माणसाचं घर सांभाळायचं तर रागाशिवाय कसं भागेल, तुम्हीच सांगा.

घराच्या पुढच्या बाजूलाच चिंधाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिरणेच्या काठचे शेतकरी जळालेल्या पाण्याच्या मोटरी घेऊन येतात. हा आतली काळी पडलेली तार उपसून काढतो, नवी तांब्याची तार गुंडाळतो, वार्निश पाजतो, वाळवतो. हे झालं पोटाचं काम. दुसरं काम तो कोणाकडून एक रुपया न घेता करतो. तो बौद्धाचार्य आहे. आमच्यात लग्न लागायच्या आधी जमलेल्या माणसांना पंचशील देतात. देणारा एकेक शील आधी म्हणतो आणि सभा त्याच्या मागून म्हणते. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट नजर ठेवणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि पाचवं, नशा करणार नाही. पालीत असतं सगळं. चिंधाची म्हणायची एक रीत आहे. पाचवं शील म्हणताना तो मध्येच एका शब्दावर थांबतो, श्वास घेतो आणि मग पुढे जातो. मी एकदा विचारलं, विसरतोस का रे? तर म्हणाला, नाही, तिथं जरा थांबलं की माणसाला आपण काय म्हणतोय ते कळतं.

ह्या पाचव्या शीलापायीच पुढचं सगळं रामायण झालं, म्हणून झुलालचं आधी सांगते. झुलाल आमचा शेजारी, चिंधाच्याच दुकानात कामाला. बेबाबाई त्याची बायको. झुलालचे हात फार चांगले, पण संध्याकाळ झाली की ते ग्लासाकडे जायचे. बेबाबाईनं किती मार खाल्ला ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. कोणी बोललं की झुलालचं एकच उत्तर असायचं, पोटात कळ येते, औषध म्हणून घेतो. एके दिवशी चिंधाचं डोकं फिरलं. एरवी हा माणूस कुत्र्यालाही हाड म्हणत नाही. त्यानं झुलालच्या हातातली बाटली काढून घेतली, भर चौकात गटारात ओतली आणि म्हणाला,

“नशेला औषधाचं नाव द्यायचं नाही. जो देईल त्यानं माझ्यासमोर शील म्हणायला उभं राहायचं नाही.”

सगळ्या वस्तीनं ते ऐकलं. झुलालनं तर ऐकलंच. नंतर चिंधानंच त्याला सरकारी दवाखान्यात नेला, हातपाय थरथरायचे तेव्हा त्याच्या उशाशी बसला. तरी झुलाल त्याच्याशी बोलेना. काम करायचा, पण मान खाली घालून. मग एका बुद्धपौर्णिमेला तो विहारात येऊन अगदी मागे बसला आणि त्यानं पाचही शीलं म्हटली. त्यानंतर आजपर्यंत त्याच्या तोंडाला वास आलेला नाही. पण त्या दिवसाबद्दल ते दोघं कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पुरुषांचं असंच असतं.

आता चिंधाच्या पायांकडे येते. त्याला साखरेचा आजार बरीच वर्षं आहे. आधी तळव्याला मुंग्या यायच्या. मग आग सुरू झाली. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण रागानं म्हणतो, ह्याची खरोखरची जायची. चादर लागली तरी ओरडायचा, चप्पल सहन व्हायची नाही. आणि गंमत बघा, एकीकडे जळतंय जळतंय म्हणायचा आणि दुसरीकडे दुकानातला तांब्याच्या तारेचा तुकडा तळव्यात रुतून बसला तरी ह्याला पत्ता नाही. संध्याकाळी पाय धुताना मला रक्त दिसलं. मी घाबरले आणि वर त्यालाच शिव्या दिल्या, कारण मला घाबरल्यावर दुसरं काही सुचत नाही.

मी काय कमी केलं? काशाच्या वाटीनं तळव्याला तूप घासलं. मेंदी लावली. जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेनं पायाच्या नसा खराब झाल्या आहेत, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ह्याला चक्कर यायला लागली. तार गुंडाळताना वेढे चुकायला लागले, तेव्हा त्यानं त्या गोळ्या सोडायचं ठरवलं. डॉक्टरांना जाऊन आमच्या अर्ध्या अहिराणीत सांगितलं, “साहेब, पायाचं अर्थिंग गेलं शे, तुम्ही डोक्याचा फ्यूज काढू नका.” डॉक्टर हसले, पण गोळी बदलूनही फार काही साधलं नाही.

ह्या सगळ्यात एका लग्नात व्हायचं ते झालं. शील देताना पायात असा डंख बसला की चिंधा दुसऱ्या शीलावरून एकदम चौथ्यावर गेला. सभाही बिचारी मागून चौथं म्हणाली. कोणाच्या लक्षात आलं, कोणाच्या नाही. चिंधाच्या आलं. घरी येऊन तो जेवला नाही. त्यानंतर लग्नांची बोलावणी आली की तो म्हणायचा, पारोळ्याच्या आचार्यांना सांगा, ते छान म्हणतात. मला ते ऐकवायचं नाही. चाळीस वर्षं ज्याच्या मागून गाव बोललं, तो माणूस आता लग्नाला जाऊन मागच्या खुर्चीत पाय चोळत बसायचा.

आणि त्याच वर्षी मृणालीचं लग्न ठरलं. मृणाली म्हणजे चिंधाच्या मुलाची, प्रशीलची, एकुलती एक मुलगी. मुलगा धुळ्याचा, सुयश नाव, बँकेत आहे. मृणाली चालायला लागली तेव्हापासून एकच घोकत आलेली, माझ्या लग्नात शील आबाच देणार. आता तिनं ते सासरच्यांनाही सांगून ठेवलं होतं. चिंधा नुसता ‘हो बाळा’ म्हणाला आणि दुकानात जाऊन बसला.

मग प्रशीलनं जळगावचे आयुर्वेदाचे डॉक्टर अभयकुमार ह्यांचं नाव काढलं. आम्ही तिघं गेलो. मारवाडी जैन माणूस, आवाज मऊ. पाय नीट तपासले, साखरेचे कागद पाहिले आणि मग एक मलम पुढे केलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, ह्यात भांगेच्या झाडातून काढलेला एक घटक आहे, त्याला सीबीडी म्हणतात. त्या झाडात नशा आणणारा जो भाग असतो तो वेगळा, ह्यानं नशा येत नाही, आणि हे फक्त कातडीला लावायचं आहे. नसांच्या दुखण्यात काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही, अजून अभ्यास चालू आहेत, त्यामुळे मी खात्री देणार नाही. साखरेची औषधं चालूच ठेवायची, रोज तळवे बघायचे आणि जखमेवर हे लावायचं नाही.

चिंधानं भांग हा शब्द ऐकला मात्र. उठला, कशीबशी चप्पल अडकवली आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. मला लाज वाटली. पण डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, मी सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाही, माझे पेशंट मला हसतात. नियम पाळणाऱ्या माणसावर मी कसा रागावू? मलम घेऊन जा. लावायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

मी ते आणून कोनाड्यात ठेवलं. चिंधा त्या कोनाड्याकडे बघेना. मीही हट्टाला पेटले. आधी मलाच बघायचं होतं की ह्यानं काही होतं का. दुपारी माझ्या गुडघ्याला चांगलं चोपडलं आणि बेबाबाईला समोर बसवून सांगितलं, मी काही वेडंवाकडं बोलायला लागले तर सांग. बराच वेळ गप्पा मारल्या. मग विचारलं, काय गं, काही फरक? तर म्हणते, “अक्का, तुम्ही रोजच अशा बोलता, मी ओळखू कसं?” मेली! पण नशा नव्हती एवढं नक्की झालं. गुडघाही तसाच राहिला, पण त्याचा आजार वेगळा आहे.

रात्रीच्या जेवणाला मी चिंधाला हे सगळं सांगितलं. तो हसला, बऱ्याच दिवसांनी हसला. मग भाकरी कुस्करता कुस्करता गंभीर झाला.

“अक्का, शीलाचा अर्थ मला माहीत आहे,” तो म्हणाला. “भान घालवतं ते घ्यायचं नाही, असं आहे ते. तळव्याला चोपडल्यानं माझं भान जाणार नाही, हेही कळतं. पण झुलालला मी चौकात काय म्हणालो होतो? तो पोट धरून सांगत होता, औषध आहे. मी त्याचं ऐकून घेतलं का? आणि आता माझे पाय दुखायला लागले तर मी भांगेच्या झाडाला औषध म्हणू? कोणत्या तोंडानं?”

तेव्हा कळलं मला. हा भांगेला घाबरत नव्हता. हा झुलालच्या डोळ्यांना घाबरत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. लहानपणी गोट्या हरला की असाच मान खाली घालून बसायचा तो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हातारा झालाय, पण पाठ अजून तीच आहे.

पण कौतुक करत बसले तर मी भागाबाई कसली? लग्न जवळ आलं तसा तो दुकानात उभा राहून सराव करायला लागला. सभा नाही, माईक नाही, समोर जळक्या मोटरी, आणि हा हात जोडून शीलं म्हणतोय. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला आवाज कापायला लागला. चौथं अर्धं म्हणून तो मटकन बाकावर बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुढचे शब्द काही केल्या आठवत नव्हते. ज्याला ते झोपेतही पाठ आहेत त्याला! मी दारात उभी होते. मग मात्र मी बोललेच.

“चिंधा, तूच म्हणालास ना, भान घालवतं ते वाईट? मग तुझं भान कोण घालवतंय ते बघ. मलम अजून डबीतच आहे. हे दुखणं तुला दारू पाजल्यासारखं करतंय. आधी ते सोड.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पाय पुढे केले. मी तिथंच, दुकानाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर त्याच्या तळव्यांना मलम लावलं. तो म्हणाला, लावतो, पण लपवून लावणार नाही, आणि मृणालीच्या लग्नात शील देण्याआधी सगळ्यांसमोर सांगणार. हे ऐकून मी कपाळावर हात मारला.

प्रशील तर हादरलाच. धुळ्याची माणसं येणार, सुयशचे साहेब येणार, आणि माईकवर आजोबा भांगेचं नाव काढणार. लोक अर्धं ऐकतात आणि दीडपट सांगतात, असं तो म्हणत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. त्यानं वडिलांना हात जोडले, बाबा, लावा ना, कोण नाही म्हणतंय, पण सांगायची काय गरज? चिंधा एवढंच म्हणाला की चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, ते गिळून पाचवं देता येत नाही. मृणाली मधे पडली. तिनं बापाला सांगितलं की आबांना जे सांगायचं ते सांगू दे, सासरचे हसले तर हसू देत. पोरगी माझ्यावर गेली आहे.

मलमानं जादू झाली, असं मी सांगणार नाही. आग विझली नाही. पण हळूहळू मंदावली. आधी चादर सहन व्हायला लागली, मग चप्पल. रोज सकाळ-संध्याकाळ लावायचं, साखरेच्या गोळ्या वेळेवर, भात कमी, आणि माझी बोलणी भरपूर. एका संध्याकाळी तो दुकानात उभ्यानं पाचही शीलं म्हणाला, एकही शब्द न चुकता. मी चुलीपाशी होते, तिथूनच ऐकलं. पदरानं डोळे पुसले आणि धुराला दोष दिला.

लग्नाचा दिवस आला. मंडप भरलेला, धुळ्याकडची माणसं पुढे, आमची वस्ती मागे. झुलाल सवयीनं अगदी शेवटच्या रांगेत. चिंधा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत माईकपाशी उभा राहिला, अनवाणी. मी पुढे बसून त्याच्या पायांकडेच बघत होते. नवरा-नवरी हात जोडून उभे होते. त्यानं सुरुवात केली. पहिलं शील, सभा मागून. दुसरं. तिसरं. चौथं. आवाज असा खणखणीत की धुळ्याची माणसंही सरळ बसली. मला वाटलं, सांगायचं विसरला वाटतं, बरं झालं बाई.

आणि तो थांबला.

“पाचवं देण्याआधी एक सांगायचं आहे,” तो म्हणाला. “माझ्या पायांच्या नसा खराब झाल्या आहेत. मी त्यांना एक मलम लावतो. ते भांगेच्या झाडापासून बनतं. डॉक्टर म्हणतात त्यानं नशा येत नाही, आणि मला आलेली नाही. त्यानं मी आज इथं उभा आहे. पण मागे मी एका माणसाला भर चौकात सांगितलं होतं, नशेला औषध म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर उभं राहायचं नाही. त्याला दुखत होतं, मी विचारलंसुद्धा नाही की कुठं दुखतं. दारू ओतली ते बरोबर केलं. पण विचारायला पाहिजे होतं. आता माझे पाय दुखतात तेव्हा मला सगळे विचारतात. झुलालभाऊ, तू मागे बसलेला आहेस. मी हे शील द्यावं की नाही, ते तू सांग.”

प्रशीलनं डोळे मिटून घेतले. धुळ्याकडची माणसं मागे वळून बघायला लागली. माझा जीव टांगणीला लागला होता. झुलाल चार माणसांत कधी बोलत नाही. बेबाबाईनं त्याच्या हाताला हात लावला असेल, मला दिसलं नाही. पण तो उठला. त्या रांगांमधून हळूहळू पुढे आला. माईकपाशी आला नाही, नवरा-नवरीच्या बाजूला उभा राहिला, चिंधाकडे तोंड करून. हात जोडले.

त्यानं काहीच सांगितलं नाही. ना हो, ना नाही. त्यानं पाचवं शील म्हणायला सुरुवात केली. मोठ्यानं, देणाऱ्यानं म्हणावं तसं. आवाज फाटका, पण शब्द सगळे बरोबर. आणि अर्ध्यावर, चिंधा ज्या शब्दावर थांबतो नेमका त्याच शब्दावर, तो थांबला. श्वास घेतला. मग पूर्ण केलं आणि चिंधा म्हणेल म्हणून वाट बघत राहिला.

आयुष्यभर चिंधानं ते दिलं होतं, असं त्याच्यासमोर उभं राहून त्याला कोणी कधी दिलं नव्हतं. मी बघितलं, तो माईकपासून एक पाऊल मागे सरला आणि त्यानं हात जोडले. सभा झुलालच्या मागून म्हणायला लागली, मृणाली, सुयश, धुळ्याची माणसं, बेबाबाई, मीही. सगळ्यांचं म्हणून झालं. आणि मग सगळ्यांच्या मागून, एकटा, दोन्ही पायांवर सरळ उभा राहून, माझा चिंधा ते म्हणाला.